उशिरा वाजलेला बार

एर्लांगेन, ८ मार्च २०२५

ती. बाबा,

नमस्कार. आज खुशाली शेवटी, आधी राग.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपलं हे ईमेलचं सुरू झालं, ते एका परीने बरंच झालं. फोनवर आज मी नुसती ओरडले असते, आणि आईंनी मधेच फोन घेऊन "मुक्ता जेवली का?" विचारलं असतं.

शेजारच्या गावातल्या शुट्सनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात, मी दीड वर्ष जाते आहे. मुक्ता तिथे काचेमागे केक खात बसते. परीक्षा झाली, परवाना आला आणि जानेवारीत मी स्वतःची रायफल घेतली, हे तुम्हाला सत्यजितने नाक मुरडत सांगितलंच असेल. इथे जुन्या लष्करी रायफलींची वेगळी स्पर्धा असते. क्लबात सगळ्यांकडे जर्मन माउझर. मी मुद्दाम थ्री नॉट थ्री शोधून काढली. सत्यजित म्हणाला, "जर्मनांच्या क्लबात इंग्रजांची बंदूक घेऊन जाणार?" म्हटलं, इंग्रजांची नाही, बाबांची. सासऱ्यांनी आयुष्यभर जिची काडतुसं तपासली ती.

तर जूनमध्ये स्पर्धा आहे आणि मला काडतुसं हवी आहेत. थ्री नॉट थ्रीची नवी काडतुसं इथे धड मिळत नाहीत, म्हणून लोक सरप्लस घेतात. एखाद्या सैन्याने रायफल बदलली की जुन्या रायफलीचा उरलेला साठा विकायला निघतो, तो. न्युरेम्बर्गच्या दुकानात दोन प्रकारची निघाली. एक ग्रीक. दुसरं काडतूस मी उलटं करून बुडावरचा शिक्का वाचला आणि बाबा, दुकानात उभ्या उभ्या अंगावर काटा आला. तुमच्या फॅक्टरीची दोन अक्षरं! वर्ष १९८१. तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?

मी थोडी नमुन्याला घेतली आणि मोठ्या तोऱ्यात क्लबात नेली. आमचे हेर ड्योर्फलर रेंजवर देखरेख करतात. कुठलीही परकी गोळी आली की ते आधी लोहचुंबक लावतात, कारण पोलादी गोळीने मागची भिंत खराब होते. चुंबक चिकटलं नाही. "गुट," म्हणाले. मग बूड बघितलं. "इंडिश? नाइन, डांके." भारतीय? नको. का, विचारलं, तर खांदे उडवले. आणि मागून कुणीतरी बोललं, "ही वाजली की रेंजवर करीचा वास सुटेल!" सगळे हसले. बाबा, मीसुद्धा हसले. त्याचाच जास्त राग येतोय. खरं उत्तर मला रात्री अंघोळ करताना सुचलं, तेही अगदी शुद्ध जर्मनमध्ये, सगळं व्याकरण जागच्या जागी!

आज बघते तर फळ्यावर, रविवारी केक कोणी आणायचा त्या कागदाशेजारी, नवा कागद: कृपया भारतीय काडतुसं आणू नयेत. यात आमचा देश कुठून आला? चुंबक चिकटलं नाही ना? मग?

दुकानदाराला अख्खी पेटी बाजूला ठेवायला सांगितली आहे. ग्रीक घेऊ की आपली? म्हणजे मी आपलीच घेणार आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.

खुशाली: मुक्ताला शाळेत आजी-आजोबांबद्दल बोलायचं होतं. आजोबा फॅक्टरीत दारू तपासायचे असं मी तिला सांगितलं होतं. तिने वर्गात सांगितलं, माझे ओपा अल्कोहोल तपासायचे. बाईंना तुमचा फार हेवा वाटला म्हणे.

तुमची,
मीनल

*

सातारा, १९ मार्च

चि. मीनल,

तुझा राग पोचला आणि इथे येऊन दुप्पट झाला.

करीचा वास म्हणे! या माणसांच्या जिभेला काही हाड? तुझ्या सासूला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, त्या मेल्याला एकदा आपल्या मसाल्याची फोडणी दे, महिनाभर शिंकत बसेल. दारूच्या गोष्टीवर मात्र तुझी सासू इतकी हसली की ठसका लागला. म्हणते, मुक्ताचं काय चुकलं, मी पण चाळीस वर्षं हेच सांगत आले.

होय, एक्याऐंशी साली मी तिथेच होतो. तपासणीच्या टेबलावर, भिंगाखाली. ती दोन अक्षरं तुला त्या परक्या दुकानात दिसली हे वाचून मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, ते लपवत नाही.

पण हो म्हणायच्या आधी तू मला काही गोष्टी सांग. काडतूस म्हणजे लोणचं नव्हे, मुरलं की चांगलं व्हायला. आम्ही माल पाठवायचो तो पत्र्याच्या हवाबंद डब्यात, डब्यावर लॉट नंबर, म्हणजे कुठल्या खेपेला, कुठल्या दारूने भरला त्याचा क्रमांक. तो डबा बंद राहिला तर चाळीस वर्षांनीही माल वाजतो. डबा फुटला, माल कुठल्या तरी तापलेल्या गोदामात उघडा पडला, चार हातांतून फिरला, की मग तो कोणाचा राहत नाही. आमचाही नाही. दोन्हीला सरप्लसच म्हणतात, पण एक सांभाळलेलं असतं आणि एक उरलेलं.

तेव्हा बघ: डबा मूळचा आहे का, की दुकानदाराने पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून दिली आहेत? लॉट नंबर दिसतो का? सगळ्या बुडांवर एकच वर्ष आहे का? टोपीभोवती, म्हणजे बुडाच्या मधल्या गोल चकतीभोवती, लाखेचं बारीक कडं असतं, ते शाबूत आहे का? आणि काडतुसाच्या मानेवर बारीक तडे? ग्रीकांनाही हेच प्रश्न विचार. फोटो पाठव. तोवर पेटी घेऊ नकोस.

आणखी एक. त्या काळच्या टोपीत असा क्षार असतो की नळी आतून गंजते. कुठलीही वाजवलीस तरी घरी येऊन नळीत उकळतं पाणी ओतायचं, पुसायची, मग तेल. आळस करू नकोस.

तुझे रागावलेले,
बाबा

*

एर्लांगेन, २ एप्रिल

ती. बाबा,

नमस्कार. रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं.

मला वाटलं होतं निदान तुम्ही तरी विचारणार नाही. इथे सगळे विचारतात, कुठल्या, कागद आहेत का. पंधरा वर्षं झाली, अजून डॉक्टरकडे गेलं की विचारतात, घरमालक विचारतो, मुक्ताच्या शाळेत विचारतात. मीटिंगमध्ये माझं निरीक्षण दुसऱ्या कोणीतरी पुन्हा बोलून दाखवलं की मग ते खरं ठरतं. एक वस्तू, एकच, अशी निघाली की तिच्यावर आपल्या माणसांचा शिक्का होता आणि ती माझ्या हातात होती. तिच्यावरही प्रश्न!

ड्योर्फलर परवा म्हणाले, "फ्राउ मीनल, मनाला लावून घेऊ नका, अनुभव आहे." कसला अनुभव, विचारलं, तर त्यांच्या ओळखीच्या कुणाच्या तरी ओळखीच्याला कधीतरी एक भारतीय काडतूस फुसकं लागलं होतं. या ऐकीव गोष्टीवर फळ्यावर कागद! हा माणूस स्वतः माउझरची काडतुसं बिस्किटांच्या जुन्या डब्यातून आणतो. त्याला कोण विचारतं?

तर मी पेटी घेतली. डबा वगैरे सगळं ठीक आहे. फोटो नंतर पाठवते, सध्या ऑफिसात फार गडबड आहे. मुक्ताच्या सुट्ट्या पण आहेत.

स्पर्धेत मी हीच वाजवणार. ड्योर्फलर यांनी स्पर्धेत आडकाठी केली तर जिल्ह्याच्या संघटनेला लिहीन. फळ्यावर कागद लावला म्हणून नियम होत नाही.

मीनल

*

सातारा, ११ एप्रिल

चि. मीनल,

डबा ठीक आहे असं तू लिहिलंस, मग माझं म्हणणं संपलं. म्हाताऱ्याचे प्रश्न मनावर घेऊ नकोस.

खरं सांगतो, मी संध्याकाळी बागेत गेलो आणि बाकावर बसलेल्या आमच्या फॅक्टरीच्या दोघांना सांगून टाकलं. यशवंत दारू भरायच्या विभागात होता. त्याला सांगितलं, आपला एक्याऐंशीचा माल जर्मनीत माझी सून स्पर्धेत वाजवणार. तो म्हणाला, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं, तर पठ्ठ्या उठला आणि कोपऱ्यावरून पेढे घेऊन आला. बाकावरच्या अनोळखी माणसांनाही वाटले. पद्माकर, तो काळ्या चष्म्याचा, एवढंच म्हणाला, "जपून म्हणावं." तो नेहमीच तसा.

तुझी सासू म्हणते, मुलगा जर्मनीला गेला तेव्हा एवढे हरखला नव्हतात.

पहिल्यांदा वाजवलीस की लगेच लिही. यशवंत रोज विचारतो.

बाबा

*

एर्लांगेन, ४ मे

ती. बाबा,

नमस्कार. काल रेंजवर वाजवली. ड्योर्फलर यांची पाळी नव्हती त्यामुळे कटकट झाली नाही. अगदी छान! गोळ्या जवळजवळ पडल्या. नळी लगेच धुतली, चहाच्या किटलीतलं पाणी ओतून. सत्यजितने किटली टाकून द्यायला लावली आणि नवी आणली.

यशवंतकाकांना सांगा. पेढ्यांबद्दल धन्यवाद.

घाईत,
मीनल

*

सातारा, १२ मे

मीनल,

आशीर्वाद आहेतच. ते रागावर अवलंबून नसतात, म्हणून लिहितो.

काल तुझ्या सासूने व्हिडिओ कॉल लावला. तू आणि सत्यजित बाहेर बाल्कनीत होतात. मुक्ताने मला एक खेळ दाखवला. लाटणं खांद्याला लावलं, एक डोळा मिटला, बोट वाकवलं. आणि काही नाही. लाटणं तसंच खांद्याला. माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. हळूच हात लाटण्यावर पुढे नेला. आणि मग एकदम अख्खी मागे कोसळली. तुझी सासू, शोभना, म्हणते, काय गोड खेळते. ती जर्मनमध्ये काय बडबडत होती ते शोभनाला कळलं नाही आणि मला ऐकूच आलं नाही. ऐकायची गरज नव्हती. मी खुणेने म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा तसंच. आधी बोट, मग थांबणं, मग हात, मग धक्का.

बंदुकीचा खेळ खेळणारं मूल बोट वाकवताक्षणी ठो म्हणतं. मधलं थांबणं मूल मनाने रचत नाही. ते त्याने बघितलेलं असतं. तू तिला क्लबात नेतेस, काचेमागे केक खात बसते, हे तूच मला लिहिलं होतंस.

त्याला आम्ही हँगफायर म्हणायचो. टोपी पेटते, पण दारू मनावर घेत नाही. आपल्याला वाटतं बार फुसका, आपण मागचा बोल्ट उघडून काडतूस बाहेर ओढायला जातो, आणि तेव्हा ती मनावर घेते. मग तो बार नळीत होत नाही, तोंडासमोर होतो. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा पद्माकरकडे बघून तू हळूच विचारलं होतंस, यांच्या डोळ्याला काय झालं. मी अपघात म्हणालो होतो. तो अपघात हा.

आणि मला तू लिहितेस, अगदी छान.

का? म्हाताऱ्याला वाईट वाटेल म्हणून? बाकावर त्याची मान खाली जाईल म्हणून? हे तू मला सांभाळून घेतलंस? मुक्ताने काढलेलं वेडंवाकडं चित्र बघून आपण "वा वा" म्हणतो, तशी वा वा केलीस तू माझी. माझा एवढा अपमान त्या करीवाल्याने सुद्धा केला नव्हता.

तू ऑफिसात काय करतेस? हॉस्पिटलच्या मशीनचे भाग तपासतेस. बनवणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून तिथे चिरलेल्या भागावर अगदी छान लिहितेस का? मग मला का लिहिलंस?

तुझा समज झाला की मला त्या फॅक्टरीचा अभिमान आहे. आहे. पण मला तिथे पगार माल पास करण्याचा मिळत नव्हता. पास तर माल आपला आपण होतो. मला पगार होता नापास करण्याचा. महिनाअखेर असायची, साहेब टेबलाशी येऊन उभे राहायचे, खालचे लोक हात जोडायचे, वासुदेवराव, एवढा जाऊ द्या. मी लाल खडूने पेटीवर फुली मारायचो. त्या फुल्यांपायी मला बढती उशिरा मिळाली आणि यशवंत तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. माझा अभिमान म्हणशील तर तो तेवढा. तू त्या शिक्क्याला मान दिलास आणि फुलीला नाही.

आणि ते तुझं ग्रीक की आपली! त्या ड्योर्फलरने देश बघून नको म्हटलं, तू देश बघून हो म्हटलंस. डबा दोघांनीही बघितला नाही. तो मूर्ख आहे हे मला मान्य. पण तुझं आणि त्याचं इतकं पटतं हे मला ठाऊक नव्हतं.

फॅक्टरीची अब्रू घेऊन मी काय चाटू? मला तुझे दोन्ही डोळे हवेत. आम्हाला मुलगी नाही. तू आलीस तेव्हापासून ही उणीव मला भासली नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही, ते आज रागात सांगतो आहे.

आता मला खुशाली नको. ती काडतुसं टेबलावर ओत, एकेक बघ, आणि दिसेल ते लिही. दिसेल ते. तोवर माझ्याकडून काही येणार नाही.

वासुदेव

*

एर्लांगेन, १७ जून

ती. बाबा,

हे पत्र लिहायला महिन्याहून जास्त वेळ लागला. तुमचं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुमच्यावरच चिडले होते. बाबांना काय माहीत मला इथे काय ऐकून घ्यावं लागतं, वगैरे. सत्यजितने तुमचं पत्र वाचलं आणि विचारलं, "मुक्ताने दाखवलं ते खरं आहे?" मी त्यालाही सांगितलं नव्हतं. तो उठून खाली तळघरात गेला आणि शस्त्रांच्या कपाटासमोर नुसता उभा राहिला. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्याला उघडताही आलं नसतं.

आता दिसलं ते.

डबा नव्हता. दुकानदाराने साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून दिली होती. लॉट नंबर नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी "डबा वगैरे ठीक आहे" लिहिलं. तुम्ही विचारलेले सगळे प्रश्न मला समजले होते. मीच इतरांना रोज तेच विचारते.

टेबलावर ओतली. एक्याऐंशीची निम्मी सुद्धा नव्हती. वेगवेगळी वर्षं, आणि काहींवर तर तुमची अक्षरंच नाहीत, भलत्याच देशाचा शिक्का. बऱ्याच टोप्यांभोवती लाख उरलेली नव्हती. काहींच्या मानेवर तडे, मला भिंगाशिवाय दिसले. तुमची जी होती त्यांतली काही इतकी स्वच्छ, इतकी नेटकी होती की मला रडू आलं. पण ती कुठे राहिली, कोणी ठेवली, काही कळायला मार्ग नाही. म्हणून सगळी नापास. त्या स्वच्छ असलेल्यांसकट. माझ्याकडे खडू नव्हता, मुक्ताच्या लाल स्केचपेनने खोक्यांवर फुली मारली. मग ती ओर्डनुंग्सआम्टमध्ये, इथल्या सरकारी कचेरीत, जमा केली. त्यासाठीही आधी टेर्मीन घ्यावा लागला. नको असलेली दारूसुद्धा इथे वेळ ठरवून टाकावी लागते.

रेंजवर काय झालं तेही लिहिते. पाच वाजली. सहाव्याला नुसतं खट्. मी थांबले, शिकवल्याप्रमाणे नळी समोर धरून. पण पुरेशी थांबले नाही. मागे लोक होते, आणि माझ्या डोक्यात तो फळ्यावरचा कागद होता. फुसकं लागलं हे कोणाला कळायच्या आत काढून टाकावं म्हणून हात बोल्टकडे गेला. बोटं लागली होती, उचलला नव्हता, आणि बार झाला. पाळीवरच्या माणसाने शुटिंग थांबवलं. मी म्हटलं, माझंच बोट घसरलं. म्हणजे तिथेही खोटं. आणि मग मी त्याच खोक्यातली आणखी दोन वाजवली, बाबा. नुसत्या रागाने. मुक्ता काचेमागे होती.

यापेक्षा जास्त लपवण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही.

क्लबच्या मासिक सभेत मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. बोट घसरलं नव्हतं, तेही. ड्योर्फलर म्हणाले, "आल्झो! मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, तुम्ही म्हटलं होतं ते देशाबद्दल. हे देशामुळे झालं नाही, लॉट नंबर नसल्यामुळे झालं. तुमच्या बिस्किटांच्या डब्यातल्या माउझरच्या काडतुसांचा लॉट नंबर काय? ते म्हणाले, ती जर्मन आहेत. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, देश नको, नंबर विचारते आहे. मग एक म्हातारी बाई, केकचा कागद तीच लिहिते, ड्योर्फलर यांना म्हणाली, "हाइन्त्स, सांग की."

जुना कागद निघाला. नवा लागला: लॉट नंबर नसलेली काडतुसं चालणार नाहीत, कुठलीही असोत. ड्योर्फलर यांनीच लावला आणि बिस्किटांचा डबा त्या दिवसापासून दिसला नाही. तेवढं त्यांचं मानायला हवं. त्या वासाच्या विनोदाबद्दल मात्र मी माफी मागा म्हटलं, तर कोणी बोललं ते कोणालाच आठवेना. "नुसती गंमत होती हो." मी म्हटलं, मी हसले होते, पण ती गंमत नव्हती. माफी अजून आलेली नाही. मी अजून रागावलेली आहे आणि पुढच्या सभेत पुन्हा विचारणार आहे.

परवा स्पर्धा झाली. ग्रीक वाजवली, मूळच्या बंद डब्यातली, नंबर बघून. सगळी वाजली. मी एकोणिसावी आले. बावीस जण होतो. काडतुसांचा दोष नाही, रायफलीचाही नाही. शेवटच्या पाच गोळ्यांना खट् ऐकू येईल म्हणून मी आधीच डोळे मिटत होते.

तुम्ही पत्र पाठवाल ना?

तुमची,
मीनल

*

सातारा, २३ जून

चि. मीनल,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग शोभनाने वाचलं. ती तुझ्यावर चिडली आहे, माझ्यावरही, आणि मुक्ताला काचेमागेसुद्धा न्यायचं नाही असं तिने सांगितलं आहे. ते तुम्ही तिच्याशीच बोला.

हात बोल्टवर होता ते वाचून मी उठून अंगणात गेलो. थोड्या वेळाने आत आलो.

तुझी तपासणी बरोबर आहे. स्वच्छ दिसणारी सुद्धा नापास केलीस, तिथे नवखा माणूस हमखास चुकतो. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. यापुढे मी तुला डब्याबद्दल विचारणार नाही.

माफीचं सोडू नकोस. दर सभेला विचार. त्यांना आठवेपर्यंत.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बागेत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो आणि पेढे खाल्लेल्या सगळ्यांसमोर सांगितलं की माल वाजला नाही, उशिरा वाजला, आणि सुनेने तो नापास केला. पद्माकरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यशवंत लाल झाला. म्हणाला, चाळीस वर्षांनी पुन्हा आमच्यावर फुली मारतोस? आणि उठून गेला. मला वाटलं, झालं, पुन्हा तीन वर्षं.

काल आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मीच म्हटलं, यशवंता, आमची मीनल स्पर्धेत एकोणिसावी आली.

तो म्हणाला, "मग एवढ्या कौतुकाने सांगतोस काय?"

म्हटलं, "तिने मला सांगितलं म्हणून."

बाबा